न काढलेल्या चित्रपटाचे पार्श्वसंगीत

सध्या मी ज्या इलेक्ट्रॉनिक अल्बमवर काम करते आहे, तो एका चित्रपटाचे पार्श्वसंगीत आहे आणि तो चित्रपट कोणीही काढलेला नाही, काढणारही नाही. शब्दांवाचून संगीत रचण्याच्या ज्या पद्धती मी आजवर वापरून पाहिल्या, त्यांत मला हीच सर्वांत शिस्तीची वाटते, आणि तसे का वाटते हे सविस्तर मांडावे म्हणून हा लेख लिहीत आहे.

पद्धत माझी नव्हे. ब्रिटिश संगीतकार ब्रायन ईनो यांनी १९७६ मध्ये ‘म्युझिक फॉर फिल्म्स’ या तबकडीच्या ५०० प्रती काढल्या, त्या चित्रपट करणाऱ्यांकडे पाठवण्यासाठी. सर्वांसाठीची आवृत्ती १९७८ मध्ये आली आणि तिच्यात खऱ्या चित्रपटांसाठी केलेल्या रचनांच्या शेजारी काल्पनिक चित्रपटांसाठीच्या रचनाही होत्या. पुढे १९९५ मध्ये ईनो आणि यू-टू हा आयरिश रॉक बँड यांनी पॅसेंजर्स या नावाने जो अल्बम केला, त्यासोबतच्या टिपणांत प्रत्येक रचनेच्या चित्रपटाची माहिती दिली होती, पण त्यांतले बहुतेक चित्रपट मुळात अस्तित्वातच नव्हते. मला मात्र सर्वांत जवळचे वाटते ते ब्रिटिश संगीतकार बॅरी अ‍ॅडमसन यांचे १९८९ मधील ‘मॉस साइड स्टोरी’, कारण मँचेस्टरमधल्या आपल्या जन्मवस्तीचे नाव देऊन त्यांनी एका न घडलेल्या गुन्हेपटाचे संगीत आरंभापासून शेवटापर्यंत रचले. ईनो यांच्या बऱ्याच रचना एखाद्या दृश्याचा रंग दाखवून थांबतात, तर अ‍ॅडमसन यांच्या अल्बममध्ये पुढे काय होणार ही उत्सुकता असते, आणि मला तीच हवी आहे. त्यांचे संगीत पुढे डेव्हिड लिंच यांच्या ‘लॉस्ट हायवे’ (१९९७) या खऱ्या चित्रपटात गेले, याचे मला आश्चर्य वाटत नाही.

माझ्या चित्रपटाची गोष्ट कोकणातल्या एका पावसाळी रात्रीची आहे. वादळात झाड पडून अकरा केव्हीची लाइन तुटते, चार-पाच गावे अंधारात जातात आणि एक वायरमन हेल्मेट, बॅटरी आणि दोर घेऊन बाहेर पडतो. ही गोष्ट निवडली ती विजेच्या आवाजासाठी. आपल्याकडचा वीजपुरवठा ५० हर्ट्झचा आहे, आणि प्रवाहाच्या प्रत्येक आवर्तनात रोहित्राचा (ट्रान्सफॉर्मरचा) गाभा दोनदा ताणला जात असल्यामुळे गावाबाहेरची डीपी जी गुणगुणते, तिचा मूळ स्वर १०० हर्ट्झचा असतो. पेटीच्या हिशेबाने हा स्वर पांढरी पाचच्या किंचित वर, पण काळी चारच्या बराच खाली पडतो. संपूर्ण अल्बमचा षड्ज मी तिथेच धरला आहे आणि सिंथेसायझरचे सगळे पॅच (तयार करून ठेवलेले आवाज) त्याला जुळवून घेतले आहेत. वीज असलेल्या दृश्यांत हा स्वर तानपुऱ्यासारखा अखंड चालू असतो. लाइन तुटते तेव्हा तो जातो, आणि पुढचा जवळजवळ अर्धा अल्बम त्याच्याशिवाय चालतो. तो षड्ज ऐकणाऱ्याच्या कानात टिकवून ठेवण्याची जबाबदारी मग पंचमावर आणि निषादावर येते. असा निर्णय निव्वळ संगीताच्या विचाराने मला सुचला नसता. वीज गेली तर तिचा आवाजही जाणार, इतक्या साध्या कारणाने तो सुचला.

पडद्यासाठी काम करणाऱ्या संगीतकाराला कोठे थांबायचे हे संकलक सांगतो. इथे संकलक नाही, म्हणून बंधने मी स्वतः घालून घेतली. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी धावतो असे मानून मी फक्त तेच वेग घेतले ज्यांत प्रत्येक मात्रा पूर्ण चौकटीवर पडते: ८० बीपीएमला (मिनिटाला ८० मात्रा) मात्रेला १८ चौकटी, ९० ला १६, ९६ ला १५, १२० ला १२. चौकटी कोणालाच दिसणार नाहीत हे मान्य, तरीही दृश्य बदलते तिथे वेग बदलताना या आकड्यांमुळे हात मोकाट सुटत नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो परमिटच्या, म्हणजे लाइनवर काम करण्याच्या परवानगीच्या, दृश्यावर. खांबावर चढण्यापूर्वी वायरमन सबस्टेशनला फोन करतो आणि फीडर, म्हणजे सबस्टेशनवरून गावांकडे येणारी लाइन, बंद केल्याची खात्री करून घेतो. हे संभाषण मी पूर्ण लिहून काढले. “साहेब, फीडर बंद झालाय ना? मी अर्थिंग लावतोय, मग चढतो,” असे तो म्हणतो, आणि पलीकडून ऑपरेटर त्याला पुन्हा एकदा खांबाचा नंबर विचारतो. दोन्ही भूमिका मी माझ्याच आवाजात ध्वनिमुद्रित केल्या, त्या संवादाभोवती संगीत रचले, बोलणे चालू असताना मधल्या पट्टीतले स्वर फिल्टरने मागे सारले, प्रश्न आणि उत्तर यांच्यामधल्या थांब्यांत ते पुढे आणले, आणि शेवटी संवादाचा ट्रॅक काढून टाकला. उरलेल्या रचनेत माणसे बोलत असल्याचा आकार तसाच राहिला आहे. एका मैत्रिणीला गोष्ट न सांगता मी ती ऐकवली, तेव्हा इथे कोणीतरी कोणाची तरी परवानगी मागत आहे असे तिने आपणहून सांगितले. या अल्बमबद्दलची माझी खात्री त्या दिवसापासून पक्की झाली.

गोष्ट अल्बमच्या वेष्टनावर छापावी का, यावर मी बराच विचार केला. पॅसेंजर्सनी टिपणे दिली ती त्यांच्या अल्बमला शोभतात, कारण तिथे प्रत्येक रचनेचा चित्रपट वेगळा आहे. माझ्याकडे चित्रपट एकच आहे, आणि तो आधीच सांगून टाकला तर ऐकणारा फक्त माझ्या दृश्यांशी ताळा जुळवत बसेल. म्हणून वेष्टनावर केवळ दृश्यांची नावे आणि त्यांचा अवधी येईल: ‘डीपी’, ‘साकव’, ‘परमिट’, ‘खांब क्रमांक’ अशी. हा लेख वाचलेल्यांना गोष्ट कळली आहे, त्यांनी ती बाजूला ठेवून अल्बम ऐकावा अशी विनंती आहे. पुरवठा पुन्हा सुरू होतो त्या शेवटच्या दृश्याचे मिक्सिंग अजून बाकी आहे. तिथे १०० हर्ट्झचा स्वर एकदम आणायचा की फिल्टर हळूहळू उघडत आणायचा, यावर माझा कल एकदम आणण्याकडे आहे, कारण स्विच टाकल्यावर वीज तशीच येते.