चार ते पाच

दूध संपलं होतं आणि घड्याळात सव्वाचार झाले होते. शेजारच्या आजी जिन्यात भेटल्या. म्हटलं, दुकानात चाललेय, येता का? "पाचनंतर जाऊ," त्या म्हणाल्या. हे तिसऱ्यांदा झालं तेव्हा राहवेना, कारण विचारलंच. त्या काही न बोलता मला कोपऱ्यावरच्या दिव्याच्या खांबापाशी घेऊन गेल्या.

खांबावर एक पाटी आहे. एका बाजूला पावाचं चित्र, बालवाडीच्या तक्त्यावर असतं तसं. आठ महिने मी तिथूनच बसला जात होते आणि ती बेकरीची जाहिरात समजत होते. मागच्या बाजूला मजकूर आहे : बर्लिनमधल्या ज्यूंनी खाण्याच्या वस्तू फक्त दुपारी चार ते पाच या वेळातच घ्यायच्या. जुलै १९४०. शोनेबर्गच्या आमच्या या भागात अशा ८० पाट्या आहेत. रेनाटा श्टी आणि फ्रीडर श्नॉक या दोन कलाकारांनी त्या १९९३ साली लावल्या. बहुतेकींवर नाझींचा एकेक नियम.

दुपारी चारला दुकानात काय उरतं, हे सकाळी मंडईत जाणाऱ्याला सांगायला नको. आजींची आई तेव्हा अकरा वर्षांची होती. रांगेत तीच उभी राहायची आणि बहुतेक वेळा कोंब आलेले बटाटे घेऊन यायची. सप्टेंबर १९४१ मध्ये ज्यूंच्या कोटावर ओळखीसाठी सक्तीचा पिवळा तारा आला. १९४२ मध्ये ज्यूंनी घरात पाळीव प्राणी ठेवायचे नाहीत असं ठरलं. घरातलं मांजर कुठे गेलं, हे आईने लेकीला शेवटपर्यंत सांगितलं नाही. बाकी पुष्कळ सांगितलं, मांजर मात्र नाही.

२७ फेब्रुवारी १९४३. त्या दिवशी कारखान्यांत सक्तीने राबणाऱ्या ज्यूंना कामावरूनच उचललं. आईचे वडील सकाळी डबा घेऊन गेले, ते गेलेच. आई आणि तिची आई लपल्या, कधी कुणाच्या माळ्यावर, कधी तळघरात. असं लपणारे स्वतःला 'पाणबुड्या' म्हणवायचे. बर्लिनमध्ये त्यातले सुमारे १७०० जण वाचले, त्यात या दोघी.

युद्ध संपलं, दुकानं भरली, तरी आईने चार ते पाच या वेळात दुकानाची पायरी कधी चढली नाही. "आई गेली आणि ती वेळ माझ्याकडे आली," आजी म्हणाल्या. त्यांचा स्वतःचा जन्म १९५२चा, म्हणजे त्या रांगेत त्या कधी उभ्याही नव्हत्या.

पाचनंतर दूध आणलं, चहा टाकला. मी त्यांना आमच्या कोकणातल्या ज्यूंचं सांगितलं. अलिबागची इस्रायल आळी सांगितली, तेलाचे घाणे चालवणारे म्हणून त्यांना शनवार तेली म्हणायचे ते सांगितलं, किहीमकर, पेणकर अशी आपल्यासारखीच आडनावं सांगितली. त्यांनी विचारलं, "त्यांना तिथे काय काय नियम होते?" मी जरा ऐटीतच म्हटलं, "एकच. शनिवारी घाणा बंद. तोही त्यांचा त्यांनीच घातलेला."

आजी हसल्या. मग कपात साखर ढवळत म्हणाल्या, "म्हणजे तुमच्याकडे अशी यादी कुणासाठीच नव्हती?"

आमच्याच जिल्ह्यातलं महाड. मी चवदार तळ्याचं सांगायला घेतलं. पाण्याला हात लावायची बंदी, हे त्यांना दोनदा समजावून सांगावं लागलं. माझ्या जर्मनमध्ये काही चुकतंय असं त्यांना वाटत होतं.