इव्रेआ: टाइपरायटरच्या गावात एक दिवस

उत्तर इटलीतल्या तुरिनहून साध्या आगगाडीने तासाभरात इव्रेआ येतं. मिलानहून येणार असाल तर किवास्सोला गाडी बदलावी लागते. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी स्थानकावरच्या यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्या, नाहीतर तिकीट असूनही दंड भरावा लागतो.

बहुतेक पाहुणे स्थानकातून थेट दोरा बाल्तेआ नदी ओलांडून जुन्या गावातला किल्ला गाठतात. माझा सल्ला उलट आहे. नदीच्या अलीकडेच, पायी जाण्याच्या अंतरावर, विया जेर्व्हिस हा रस्ता आहे. सकाळ तिथे घालवा, कारण 2018 साली युनेस्कोने इव्रेआला जागतिक वारसा ठरवलं ते या भागामुळे, किल्ल्यामुळे नव्हे. रस्त्याला नाव आहे गुल्येल्मो जेर्व्हिस यांचं. ऑलिव्हेट्टी या इथल्या टाइपरायटरच्या कंपनीत काम करणारे हे अभियंते फॅसिस्टविरोधी लढ्यात 1944 साली मारले गेले.

रस्त्यावरची लाल विटांची इमारत आधी पाहा. कामिल्लो ऑलिव्हेट्टी यांनी ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विजेची मोजमाप यंत्रं बनवण्यासाठी बांधली. 1908 साली तिथेच टाइपरायटरची कंपनी सुरू झाली आणि 1911 मध्ये पहिलं यंत्र, एम-1, लोकांसमोर आलं. तिला लागूनच काचेच्या लांबच लांब भिंतींचा कारखाना आहे, फिजिनी आणि पोल्लिनी या वास्तुविशारदांचा. कामिल्लोंचे चिरंजीव आद्रियानो यांचं म्हणणं असं, की कामगारालाही उजेड आणि बाहेरचे डोंगर दिसले पाहिजेत. समोरच्याच बाजूला त्यांनी वाचनालय आणि समाजसेवा केंद्र उभारलं. पाळणाघर आणि कामगारांची घरंही जवळच. मालकाची दानशूरता म्हणून हे झटकून टाकता येत नाही. आद्रियानोंना कारखान्याभोवतीचं अख्खं गावच नव्याने घडवायचं होतं आणि त्यासाठी ते राजकारणातही उतरले.

1960 साली आगगाडीच्या प्रवासात ते अचानक गेले. पुढच्याच वर्षी कंपनीचा एलेआ 9003 हा संगणक घडवणारे मारिओ चू मोटार अपघातात गेले, आणि 1964 मध्ये संगणक विभागाचा मोठा हिस्सा जनरल इलेक्ट्रिककडे गेला. तरी 1965 मध्ये ऑलिव्हेट्टीनेच प्रोग्रॅमा 101 हे टेबलावर मावणारं गणनयंत्र न्यूयॉर्कमध्ये मांडलं! हा क्रम डोक्यात असला की रस्त्यावरच्या रिकाम्या इमारती नीट कळतात. नसेल तर, खरं सांगते, जुन्या कचेऱ्यांची रांग वाटेल आणि पाय दुखतील. अनेक इमारती आतून पाहता येत नाहीत. बाहेरून पाहायची तयारी ठेवा. वेळ असेल तर जमिनीत अर्धवर्तुळाकार खणून बसवलेली तालपोनिया वसाहत पाहाच. छतावर गवत, खाली घरं. लोक आजही राहतात, तेव्हा काचांतून आत डोकावू नका.

दुपारी पूल ओलांडा, पण घाई नको: लहान दुकानं साधारण साडेबारा ते साडेतीन बंद असतात. रोमनांनी इसवी सनापूर्वी 100 साली आओस्ताच्या खोऱ्याच्या तोंडाशी एपोरेदिया, म्हणजे आजचं इव्रेआ, वसवलं, ते खोऱ्यातल्या सालास्सी जमातीवर नजर ठेवायला. 1002 मध्ये इथलाच आर्दुइनो इटलीचा राजा झाला. चौदाव्या शतकातल्या किल्ल्याचा एक बुरूज आखूड दिसतो, कारण 1676 मध्ये वीज पडून त्यातला दारूगोळा उडाला. बाकी किल्ला बाहेरूनच जास्त देखणा.

फेब्रुवारी-मार्चच्या कार्निव्हलला येणार असाल तर हॉटेल फार आधी धरा. रविवार ते मंगळवार संत्र्यांची लढाई असते आणि रस्ते गराने घसरडे होतात, म्हणून जुने, पकड असलेले बूट घाला. डोक्यावर लाल टोपी हवीच. ती घातलेल्या पाहुण्यांवर संत्री मुद्दाम फेकत नाहीत, पण चुकून एखादं लागतंच. चष्मा जपा. आणि इथला प्रसिद्ध चॉकलेटचा केक, तोर्ता नोव्हेचेंतो, अंड्याचा असतो. अंडं न खाणाऱ्यांनी आधीच विचारलेलं बरं.