रग्बीपटू किती वर्षं खेळतो? आधी जर्सीवरचा नंबर सांगा

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितोय. व्यावसायिक रग्बी युनियन खेळणाऱ्याची कारकीर्द किती वर्षांची असते, हा प्रश्न मला नेहमी येतो. सर्वांना लागू पडेल असा एक आकडा सांगितला, तर ती दिशाभूल होईल. रग्बीत जर्सीवरचा नंबर म्हणजे मैदानावरची जागा, म्हणून खेळाडू कुठल्या नंबरवर खेळतो ते आधी बघावं लागतं.

११ आणि १४ नंबरच्या, म्हणजे मैदानाच्या कडेने धावणाऱ्या विंगरचं भांडवल म्हणजे वेग. जोना लोमू १९९४ मध्ये न्यूझीलंडकडून पहिली कसोटी (रग्बीत आंतरराष्ट्रीय सामना) खेळला तेव्हा अवघा १९ वर्षांचा होता. मांडीमागचा स्नायू वरचेवर दुखावू लागला की विंगरची सुरुवातीची धाव मंदावते आणि जागा जाते. प्रॉपचं, म्हणजे पहिल्या फळीत दोन कडांना रेटा देणाऱ्या १ आणि ३ नंबरच्या खेळाडूंचं, याच्या अगदी उलट. विशीच्या सुरुवातीला तो कच्चाच असतो. इंग्लंडचा प्रॉप जेसन लिओनार्ड पस्तिशीपर्यंत कसोटी खेळला. देशासाठी ११४ सामने, आणि १९९२ मध्ये मानेची शस्त्रक्रिया होऊनही!

प्रॉपला इतका वेळ का लागतो, हे ३ नंबरच्या टाइटहेडकडे, म्हणजे उजवीकडच्या प्रॉपकडे पाहिलं की कळतं. स्क्रममध्ये, म्हणजे दोन्ही संघांचे आठ-आठ जण एकमेकांना भिडून चेंडूसाठी रेटतात तेव्हा, त्याचं डोकं समोरच्या १ आणि २ नंबरच्या मधे जातं, म्हणून त्याचे दोन्ही खांदे दाबाखाली असतात. १ नंबरच्या लूजहेडची, म्हणजे डावीकडच्या प्रॉपची, एक बाजू मोकळी राहते. पंच 'क्राउच, बाइंड, सेट' म्हणेपर्यंत टाइटहेडची पाठ सरळ, गुडघे साधारण १२० अंशांत आणि खांदे कमरेच्या रेषेत किंवा किंचित वर हवेत. पाय फार मागे राहिले, तर अंग ताणलं जातं. समोरच्याने जरा आधार काढून घेतला की तो तोंडावर जातो, स्क्रम कोसळतो आणि मागच्या फळीतल्या लॉकचा सगळा रेटा त्याच्या मानेवर येतो. पाय फार पुढे आले, तर पाठीला बाक येतो आणि जोर पुढे न जाता वर निघून जातो. हे जिममध्ये शिकता येत नाही, त्यासाठी वर्षानुवर्षं खरे स्क्रम खेळावे लागतात. शिवाय २३ जणांच्या संघात पहिल्या फळीचे (दोन प्रॉप, मधला हुकर आणि त्यांचे बदली) सहा जण लागतात. प्रशिक्षित माणूस उरला नाही, तर स्क्रम रेट्याविना घ्यावे लागतात. म्हणून तिशी उलटलेल्या चांगल्या टाइटहेडला क्लब आनंदाने करार देतात.

माझ्या मते सर्वांत जास्त झीज ६ आणि ७ नंबरच्या, म्हणजे स्क्रमच्या कडेला असणाऱ्या फ्लँकरची होते, कारण टॅकल (चेंडू घेऊन धावणाऱ्याला पाडणं) आणि रक (जमिनीवरच्या चेंडूसाठी रेटारेटी) हेच त्यांचं काम. वेल्सचा सॅम वॉरबर्टन २०१८ मध्ये, २९ व्या वर्षी, मान आणि गुडघ्यामुळे निवृत्त झाला. टॅकलमध्ये पुढचा पाय धावणाऱ्याच्या जवळ पडला पाहिजे आणि डोकं त्याच्या मागच्या बाजूला राहिलं पाहिजे. पाय लांब राहिला की माणूस हातांनी झेपावतो, डोकं वाटेत येतं आणि गुडघा किंवा कंबर थेट कपाळावर आदळते. म्हणूनच डोक्याच्या दुखापती टॅकल होणाऱ्यापेक्षा करणाऱ्याला अधिक होतात. संशय आला, तर डॉक्टर १२ मिनिटं बाहेर घेऊन तपासतात, त्याच दिवशी पुन्हा आणि मग ३६ ते ४८ तासांनी तिसऱ्यांदा. हे टप्पे चुकवून मैदानात उतरणाऱ्याचं कौतुक कृपा करून कोणी करू नये. २००३ चा विश्वचषक जिंकलेल्या इंग्लंडचा हुकर स्टीव्ह थॉम्प्सन याला चाळिशीतच स्मृतिभ्रंशाचं निदान झालं.

खेळ व्यावसायिक झाला तो १९९५ मध्ये. पण शरीर टिकलं तरी नोकरी टिकेलच असं नाही. २०२२ मध्ये वूस्टर आणि वॉस्प्स, २०२३ मध्ये लंडन आयरिश असे इंग्लंडच्या वरच्या लीगमधले तीन क्लब आर्थिक कारणांनी बाहेर पडले आणि त्यांच्या खेळाडूंना दुसरीकडे जागा शोधावी लागली. म्हणून सही करण्याआधी दोन गोष्टी लेखी घ्याव्यात: दुखापतीच्या काळात पूर्ण पगार किती महिने मिळेल, आणि कारकीर्द संपवणाऱ्या दुखापतीचा विमा कोण भरणार. पहिल्या फळीच्या खेळाडूने मानेचा एमआरआयही तेव्हाच करून त्याची प्रत स्वतःजवळ ठेवावी. पुढे हात बधिर होऊ लागले, तर डॉक्टरला तुलनेसाठी तोच लागतो.