रिस्पाच का?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. महिला मंडळात जुन्या करारातल्या स्त्रियांवर बोलायला जाते, तेव्हा चहाच्या वेळी कुणीतरी हमखास गाठतंच. "बाई, रूथ आहे, एस्तेर आहे, हन्ना आहे. तुम्ही त्या रिस्पाचंच काय घेऊन बसता? तिनं तर साधी प्रार्थनाही केलेली नाही. तिच्यात विश्वास दिसला कुठं?"

प्रश्न रास्त आहे. इब्री लोकांस पत्राच्या 11व्या अध्यायात विश्वासवीरांची नावं येतात, त्यात सारा आहे, राहाबही आहे, रिस्पा नाही. अख्ख्या पवित्र शास्त्रात तिच्या तोंडी एकही शब्द नाही. ती पहिल्यांदा भेटते 2 शमुवेलाच्या 3ऱ्या अध्यायात. ती इस्राएलाच्या शौल राजाची उपपत्नी. शौल गेल्यावर सेनापती अबनेर तिच्यापाशी गेला, असा आरोप शौलाचा मुलगा ईश-बोशेथ करतो. अबनेर भडकतो आणि प्रतिपक्षाच्या दावीदाच्या बाजूला जायचं ठरवतो. दोन पुरुषांचं भांडण तिच्या नावानं होतं, आणि तिला काय वाटलं हे कुणी विचारत नाही.

मग 21वा अध्याय. दावीदाच्या राज्यात ओळीनं 3 वर्षं दुष्काळ. राजा परमेश्वराला कारण विचारतो. उत्तर मिळतं की शौलानं गिबोनी लोकांना मारलं, त्याचं हे रक्तपाताचं पाप आहे. यहोशवाच्या काळी इस्राएलांनी त्या लोकांना शपथपूर्वक अभय दिलेलं होतं, ते मोडलं. इथपर्यंत परमेश्वर बोलतो. "आता मी काय करू?" हे मात्र दावीद परमेश्वराला विचारत नाही, गिबोन्यांना विचारतो. त्यांना सोनंनाणं नको असतं, शौलाच्या वंशातले 7 पुरुष हवे असतात. "देतो," म्हणतो राजा. शौलाचा मुलगा योनाथान याच्याशी घेतलेल्या शपथेमुळे योनाथानाचा मुलगा मफीबोशेथ वाचतो. शौलाच्या मुलीचे 5 मुलगे जातात आणि रिस्पाचे दोघे, अर्मोनी आणि मफीबोशेथ. हो, नाव तेच. एका मफीबोशेथासाठी शपथ होती, दुसऱ्यासाठी नव्हती.

सातूच्या कापणीला सुरुवात झाली होती, तेव्हा त्या सातांना डोंगरावर टांगलं गेलं. रिस्पा गोणपाट घेऊन गेली, खडकावर पसरलं आणि तिथंच राहिली. दिवसा पाखरं बसू दिली नाहीत, रात्री रानातली जनावरं जवळ येऊ दिली नाहीत. आकाशातून पाऊस पडेपर्यंत. त्या देशात सातू वल्हांडणाच्या सुमारास, म्हणजे एप्रिलकडे कापणीला येतो आणि पाऊस लागतो ऑक्टोबरच्या आसपास. पाऊस वेळेवर आला असेल तर हे जवळजवळ सहा महिने झाले. अवकाळी आला असेल तर कमी. शास्त्र आकडा देत नाही. उन्हात कुजणाऱ्या सात देहांपाशी एक रात्र काढायची म्हटली तरी अंगावर काटा येतो.

आता विश्वास कुठं, ते सांगते. अनुवाद नावाच्या पुस्तकाच्या 21व्या अध्यायात मोशेचं नियमशास्त्र स्पष्ट म्हणतं की टांगलेलं प्रेत रात्रभर झाडावर ठेवू नका, त्याच दिवशी पुरा, नाहीतर परमेश्वरानं दिलेली भूमी विटाळते. म्हणजे दुष्काळ हटावा म्हणून जे चाललं होतं, त्यातच भूमी विटाळत होती. हे याजकांना दिसलं नाही, राजाला दिसलं नाही. रिस्पाला नियमशास्त्र पाठ होतं की नाही, कुणास ठाऊक. पण देवाला हे असं चालत नाही, ही तिची खात्री होती, आणि त्या खात्रीवर ती राजाच्या निकालासमोर बसून राहिली. माझ्या लेखी हाच विश्वास.

आणि पुढं पाहा. तिनं काय केलं ते दावीदाच्या कानी जातं. मग तो याबेश-गिलादाला जाऊन शौलाच्या आणि योनाथानाच्या अस्थी आणतो. शत्रू असलेल्या पलिष्ट्यांनी त्यांचे देह बेथ-शानात टांगले होते आणि याबेशच्या माणसांनी ते रातोरात काढून आणले होते. इतकी वर्षं त्या अस्थी तिथंच होत्या. या सातांच्याही अस्थी गोळा होतात, शौलाचा बाप कीश याच्या कबरीत शौल आणि योनाथानाला मूठमाती मिळते. "त्यानंतर" देवानं देशासाठी केलेली विनवणी ऐकली, असं 14वं वचन म्हणतं. सात जणांना मारल्यावर नव्हे, या सगळ्यानंतर. चर्चमधल्या संदेशांत हे वचन मी फार क्वचित ऐकलंय.

विश्वास म्हणजे मुकाट सोसणं, असं आपल्याकडे बायकांना शिकवलं जातं. पण हन्ना तरी कुठं मुकाट होती? एली याजक तिला दारू प्यायलेली समजला, तेव्हा "नाही, माझे स्वामी" म्हणून तिनं तिथल्या तिथं सांगितलं. सलाफहादाच्या पाच मुली तर दर्शनमंडपाच्या दाराशी मोशेसमोर, सगळ्या सरदारांदेखत उभ्या राहून बापाच्या वतनात हिस्सा मागतात, आणि परमेश्वर म्हणतो, त्यांचं म्हणणं बरोबर आहे. (पुढं गणना या पुस्तकाच्या 36व्या अध्यायात लग्न आपल्याच वंशात करायची अट येते, तेही वाचून ठेवा.) ही गोष्ट सांगताना समोरच्या बायकांची चुळबुळ मी पाहिलेली आहे. 1925च्या उत्तराधिकार कायद्यानं आपल्या ख्रिस्ती मुलींना भावांइतकाच वाटा दिलाय, तरी हक्कसोडपत्रावर सही करून आलेल्या त्यात बऱ्याच असतात.

एका पाळकांनी मला सांगितलं होतं, "यात विश्वासाचं काही नाही हो, ती आईची माया." माया होतीच, मी कुठं नाही म्हणते? पण वचन नीट वाचा. पाखरं तिनं सगळ्यांवरूनच उडवली. सातांतले तिचे दोनच होते. बाकी पाच शौलाच्या दुसऱ्या बाजूची नातवंडं, तिच्या पोटची नव्हेत.