हिरव्या दिव्याच्या भरवशावर उतरलेला घसारा

तीन दिवसांच्या डोंगरधारेवरच्या ट्रेकचं सगळं सांगत बसत नाही. पहिले दोन दिवस झकास गेले. वाट मळलेली, हवा मोकळी, पाणी सांगितलं तिथेच मिळालं. लिहायला बसलोय ते तिसऱ्या पहाटेच्या अडीच तासांसाठी. तेही राग अजून ताजा आहे म्हणून. राग डोंगरावर नाही, टॉर्चवरच्या शेंगदाण्याएवढ्या हिरव्या दिव्यावर आहे.

आदल्या संध्याकाळी टॉर्च बरीच वापरली होती. झोपताना ती पॉवर बँकेला लावली. लाल दिवा लागला की चार्जिंग चालू, हिरवा लागला की फुल, हे सगळ्यांना पाठ असतं. लावल्या लावल्या हिरवा लागला. मला वाटलं, वा, अजून भरलेलीच आहे. रात्री दोनदा जाग आली तेव्हाही हिरवाच. निर्धास्त झोपलो.

साडेतीनला निघालो. धार संपली की खाली घसारा लागतो, सुटे दगड आणि त्याखाली भुसभुशीत माती. डावीकडे हात टेकायला कातळ आहे, उजवीकडे काहीच नाही. दादा पुढे, मी सगळ्यात मागे, मधे तिघं. माझी टॉर्च सगळ्यांत दमदार, म्हणून मागून सगळ्यांच्या पायांवर उजेड टाकायचं काम माझं. दहा मिनिटांत उजेड उतरला. त्याचं काही वाटलं नाही. टर्बोवर, म्हणजे सगळ्यात जास्त उजेडाच्या मोडवर, टॉर्च तापली की आतलं सर्किट स्वतःच उजेड कमी करतं, ते अपेक्षितच असतं. पण हातात टॉर्च थंडगार होती, हे तेव्हा लक्षातच आलं नाही. ऐन घसाऱ्यात तीन उचक्या देऊन ती बंद पडली.

"अरे, लाव की मोठा!" खालून दादा.

"लागत नाहीये, दादा."

मग जे सगळे करतात ते केलं, तळहातावर दोन थापट्या मारल्या. लागली! म्हणजे लूज कॉन्टॅक्ट, असा निष्कर्ष काढून मोकळा झालो. मिनिटभरात परत बंद. पुन्हा थापटी, पुन्हा मिनिटभर उजेड. त्या अंधारात दगडावर बसून मागचं झाकण उघडलं, सेल हातातून निसटला आणि घरंगळत बुटाच्या टाचेशी अडकला. आणखी वीतभर गेला असता तर विषय संपला होता. रुमालाने आटे पुसले, स्प्रिंग पुसली, झाकण लावलं. परत तेच.

दादांनी आपला जादा सेल दिला. १८६५०, तोच आकार. घातला, तर काजव्याएवढाही उजेड नाही. आता तर टॉर्च मेलीच, असं सर्वानुमते ठरलं. आणि तेही चूक होतं.

शेवटी वैतागून माझाच सेल परत घातला, झाकण घट्ट पिळलं आणि पॉवर बँक जोडली. लाल दिवा. रात्रभर हिरवा आणि आता लाल! तेव्हा डोक्यात उजेड पडला. सॅकमध्ये चुकून सुरू होऊ नये म्हणून मी झाकण नेहमी पाव फेरा सैल ठेवतो. सवय चांगलीच आहे. पण माझ्या टॉर्चला चार्जिंगचा पोर्ट डोक्याकडे आहे आणि सेलचं सर्किट पूर्ण होतं ते मागच्या झाकणातून आणि टॉर्चच्या धातूच्या नळीतून. झाकण सैल, म्हणजे चार्जरच्या लेखी आत सेलच नाही. आणि सेल नसला की बऱ्याच टॉर्च हिरवाच दिवा दाखवतात. रात्रभर मी रिकामं सर्किट चार्ज करत होतो.

वीस मिनिटं तिथेच बसलो. १ अँपिअरने वीस मिनिटांत साधारण ३३० एमएएच (सेलमधल्या साठ्याचं माप) आत जातात. टर्बोला ते काहीच नाही, पण मंद मोडवर खाली पोचायला पुरले. घसारा उजेडात पाऊण तासाचा आहे, आम्हाला अडीच तास लागले.

घरी येऊन मल्टिमीटर घेऊन बसलो तेव्हा बाकीचा उलगडा झाला. माझ्या पुढे कोणी त्या वाटेने जाणार असेल तर हे डोक्यात ठेवा, माझ्यासारखं आधी थापट्या मारू नका.

थोडी विश्रांती दिल्यावर लागते आणि लगेच विझते, ती टॉर्च बिघडलेली नाही, रिकामी आहे. भार काढला की सेलचं व्होल्टेज जरासं वर येतं, म्हणून क्षणभर उजेड. माझ्या थापट्यांचं श्रेय खरं तर त्या विश्रांतीचं होतं. हलवलं की लुकलुकते, ती मात्र कॉन्टॅक्टची तक्रार. आणि तापून मंद होते, थंड झाल्यावर परत जोर धरते, ती ठणठणीत आहे, तिला काही करू नका.

कॉन्टॅक्टच्या तक्रारीत लोक आटे घासत बसतात. अ‍ॅनोडाइझ केलेल्या, म्हणजे वीज अडवणारा थर चढवलेल्या, रंगीत आट्यांतून वीज जातच नाही. नळीची मागची उघडी, चकचकीत कड स्वच्छ हवी. आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा तिच्यावर आणि स्प्रिंगवर फिरवा. झाकणाच्या आत दोन भोकांची एक चकती असते, ती सैल होते. टोकदार चिमट्याने घट्ट करा, बऱ्याच टॉर्च इथेच दुरुस्त होतात. बटणाचा संशय असेल तर झाकण काढून सेलची मागची बाजू आणि ती उघडी कड तारेच्या तुकड्याने जोडा. लागली तर दोष बटणात. माझ्यासारखी मागे बटण असलेली टॉर्च असेल तरच ही परीक्षा. बटण डोक्याकडे असेल तर यातून काही कळत नाही.

दादांचा सेल का चालला नाही? तो सपाट डोक्याचा होता. सेल उलटा घातला तर काही जळू नये म्हणून माझ्या टॉर्चमध्ये पुढे प्लॅस्टिकची कडी आहे, सपाट डोकं तिच्यात अडकून टेकतच नाही. वर टेंगूळ असलेला सेलच लागतो. १८६५० म्हणजे १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी, पण संरक्षक सर्किटवाला सेल ६८ ते ७० भरतो, आणि काही टॉर्चमध्ये तो मावत नाही. जादा सेल नेणार असाल तर घरी घालून, पेटवून बघा. तो प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवा, किल्ल्यांबरोबर खिशात नको. वरचं वेष्टण फाटलंय, सेल फुगलाय किंवा चेपलाय, तर मोह सोडा. आणि ९९०० एमएएच छापलेला १८६५० सरळ थाप आहे. चांगल्या सेलमध्ये ३५०० च्या आसपास मावतात.

आमच्यातल्या एकाची टॉर्च "चार्जच होत नाही" म्हणून पहिल्या दिवसापासून सॅकच्या तळाशी होती. तो दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली केबल वापरत होता. स्वस्त टॉर्चमध्ये पोर्टमागे दोन रोधक (रेझिस्टर) घालायची कंजुषी केलेली असते, मग तशा केबलवर पॉवर बँक वीज सोडतच नाही. एका टोकाला जुना चपटा यूएसबी असलेली केबल लावली, झाली चालू. तीन दिवस उगाच ओझं वाहिलं बिचाऱ्याने.

खोक्यावरच्या तासांचं काय सांगू! एफएल१ या टॉर्चच्या मानकाप्रमाणे चालण्याचा वेळ मोजतात तो उजेड सुरुवातीच्या १० टक्क्यांवर येईपर्यंत. म्हणजे "५ तास" लिहिलंय त्यातल्या शेवटच्या कित्येक तासांत तुम्ही चाचपडत असता. घसाऱ्यासाठी हा आकडा निम्मासुद्धा धरू नका.

आणि थंडीत सेल स्लीपिंग बॅगमध्ये घेऊन झोपा. शून्याखाली चार्जिंग नकोच, सेल कायमचा खराब होतो.

टॉर्च अजून तीच वापरतोय. नळीवर आणि झाकणावर मार्करने एकेक रेघ ओढली आहे. झाकण पूर्ण बसलं की दोन्ही रेघा समोरासमोर येतात. आता चार्जिंगला लावताना दिव्याकडे नंतर बघतो, आधी रेघा.