आमची वाटचाल : तपासणी झाल्यानंतरचे काम

पुण्याजवळच्या भोसरी-चाकण या औद्योगिक पट्ट्यात आम्ही कारखान्यांसाठी आरोग्य तपासणीचे काम सुरू केले, तेव्हा कामगारांची तपासणी म्हणजे ऑडिओमेट्री (ऐकण्याची चाचणी), स्पायरोमेट्री (फुप्फुसांची चाचणी), डोळे आणि फॅक्टरी इन्स्पेक्टरसमोर ठेवायचे रजिस्टर, असेच समजले जाई. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सरकारला कळवायच्या आजारांच्या यादीत, सिलिकोसिस (दगडाच्या धुळीने होणारा फुप्फुसांचा आजार) होता, शिशाची विषबाधा होती, आवाजाने येणारा बहिरेपणाही होता. मधुमेह आणि उच्च रक्तदाब त्या यादीत नव्हते, आणि आम्हाला तर शॉप फ्लोअरवर चाळिशीच्या आतली माणसे याच दोन आजारांच्या उंबरठ्यावर दिसत होती. म्हणून सक्तीच्या तपासण्यांबरोबर आम्ही हे बिनसक्तीचे कामही अंगावर घेतले.

पहिली ऑर्डर भोसरीतल्या एका फोर्जिंग शॉपची, म्हणजे तापवलेला धातू हॅमरखाली ठोकून घडवणाऱ्या कारखान्याची. तिथले मालक, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांचा पहिला प्रश्न होता की, दिवसभर हॅमरवर घाम गाळणाऱ्या सडपातळ माणसाला मधुमेह कसा होईल? त्यांना आम्ही पुण्याच्याच डॉ. चित्तरंजन याज्ञिकांचे उदाहरण दिले. त्यांचा आणि त्यांच्या इंग्लंडमधील सहकाऱ्याचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) अगदी सारखा, २२.३, पण शरीरातली चरबी सहकाऱ्याची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. दोघांचे छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले होते. काकांनी ते बराच वेळ पाहिले आणि स्वतःच्या कमरेला टेप लावायला सांगितली. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या वर गेली की आम्ही सावध होतो. काका सावध झाले. पुढच्या आठवड्यापासून त्यांच्या कॅन्टीनमधून पापड-लोणचे गेले आणि चहाची साखर वेगळी ठेवली जाऊ लागली.

आमच्या धंद्यात साधनांची कदर नसेल तर सगळे आकडे वाया जातात. हॅमरमनच्या जाड दंडाला रक्तदाब मोजायचा नेहमीच्या मापाचा पट्टा बांधला की रक्तदाब असतो त्यापेक्षा जास्त दिसतो, म्हणून आमच्या पेटीत पहिल्या दिवसापासून मोठ्या मापाचे पट्टे आहेत. माणूस पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसला पाहिजे. अर्ध्या तासात चहा नको, तंबाखू नको, आणि एकदा मोजून भागत नाही. तिसऱ्या पाळीचा कामगार सकाळी सातला सुटतो तेव्हा त्याने रात्री दोनला कॅन्टीनमध्ये जेवलेले असते. त्याच्या रक्ताला ‘उपाशीपोटी’ म्हणणे खोटेपणाचे आहे. तिथे एचबीएवनसी, म्हणजे मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी, करावी, आणि हिमोग्लोबिन कमी असेल तर त्या आकड्यावरही डोळे मिटून विश्वास ठेवू नये.

हे सारे एका मार्चअखेरीला मोडून पडण्याच्या बेतात होते. बाहेरून आलेल्या एका संस्थेने आमच्या निम्म्याहून कमी दर भरला. त्यांची सजवलेली बस होती, टी-शर्ट होते, आणि अख्खी पाळी एका सकाळी तपासून देण्याचे आश्वासन होते. परचेस विभागासाठी एल-वन, म्हणजे निविदेतला सर्वांत कमी दर, हाच शेवटचा शब्द असतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांच्या गटाने २००६ मध्ये दाखवून दिले होते की, मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या माणसांना आहार-व्यायामाचा सल्ला देऊन पाठपुरावा सतत ठेवला, तर मधुमेह होण्याचे प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटते. हे आम्ही त्या बैठकीत जीव तोडून सांगितले, पण पाठपुराव्याला रेट कार्डमध्ये रकानाच नव्हता. आमची दोन सर्वांत मोठी कामे त्यांच्याकडे गेली आणि तिसऱ्या कंपनीचे बिल अडकून राहिले.

त्या संस्थेचे अहवाल पुढे कामगारच आम्हाला दाखवायला आणत. ओळीने १२०/८०, १२०/८०. आमच्याकडे गोळ्या सुरू असलेल्या आणि दर वेळी दीडशेच्या वर जाणाऱ्या माणसाच्या नावापुढेही तेच. शिवाय साखर वाढलेल्यांची नावानिशी यादी थेट एचआरकडे गेली. क्रेनवरून खाली उतरवतील या धास्तीने एका ऑपरेटरने आजारच लपवायला सुरुवात केली. त्या यादीचा राग आमच्या मनातून अजून गेलेला नाही.

आम्ही व्हॅन विकली आणि यंत्रे भाड्याच्या टेम्पोतून नेऊ लागलो. टेक्निशियनांचे पगार थकण्याची वेळ आली, तेव्हा काकांनी न मागता वर्षभराचे पैसे आगाऊ पाठवले; सोबतच्या चिठ्ठीत ‘कंत्राटी पोरांनाही तपासा’ इतकेच होते. तेव्हापासून कंत्राटी कामगार वगळलेली ऑर्डर आम्ही घेत नाही. नंतरची वर्षे बरी गेली.

एचआरमधल्या मंडळींना एक सांगतो. परचेस ऑर्डर काढताना तीन महिन्यांनी होणारी फेरतपासणी त्यातच लिहून घ्या, कंपनीला फक्त एकत्रित आकडे द्यायचे ही अट घाला, आणि एचबीएवनसी ५.७ ते ६.४ टक्के असलेल्यांवर सर्वांत जास्त वेळ खर्च करा, कारण मधुमेह अजून टाळता येण्याजोगी माणसे तीच असतात. बॅनरचा खर्च वाचवून मोठ्या मापाचे पट्टे मागा.

हातून गेलेल्या त्या दोन कंपन्यांपैकी एकीची निविदा यंदा पुन्हा निघाली आहे. आम्ही ती आमच्याच दराने, फेरतपासणीचा रकाना स्वतः वाढवून भरली आहे. उत्तर अजून आलेले नाही.