खेळण्यातली गाडी आणि साडेबारा मीटरवरची मैत्रीण

तळहातावर उभा माणूस, चिमटीत धरलेला सूर्य असे फोटो मी मोबाइलवर भरपूर काढले होते. मग डोक्यात आलं की, बघणाऱ्याला काही वेगळं केलंय अशी शंकाच येऊ नये, असा एक फोटो काढून बघू. एडिटिंग अजिबात नाही. 1:18 मापाची, पण फोटोत खऱ्याएवढी दिसणारी खेळण्यातली गाडी आणि तिच्या बॉनेटवर हात टेकून उभी असलेली माझी मैत्रीण, एवढंच हवं होतं.

आधी नुसत्या अंदाजाने गाडी पुढे-मागे सरकवत बसले आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. दुसऱ्या दिवशी कागद घेतला. गाडी खऱ्या गाडीच्या अठराव्या हिश्शाची आहे, म्हणजे लेन्सपासून गाडी जितकी दूर, त्याच्या अठरापट दूर मैत्रीण हवी. गाडीची माझ्याकडची बाजू लेन्सपासून 60 सेंमीवर, म्हणून तिला 10.8 मीटरवर उभं केलं. तरी ती जरा थोराडच दिसत होती. मग लक्षात आलं की ती उभी राहणार गाडीच्या पलीकडे, आणि गाडीची पलीकडची बाजू 70 सेंमीवर होती. अठराने गुणलं, 12.6 मीटर. ती तितकी मागे गेली आणि एकदम मापात बसली.

उंचीचंही तेच गणित. कॅमेरा जमिनीपासून दीड मीटरवर होता. दीड मीटर भागिले अठरा, म्हणजे गाडीखालची फळी लेन्सच्या 8.3 सेंमी खाली हवी. तशी ठेवल्यावर फळी मागच्या जमिनीत मिसळून गेली. सगळ्यात जास्त आनंद मला या क्षणी झाला, फोटो निघाला तेव्हाही इतका झाला नाही.

फोकसने मात्र छळलं. गाडी स्पष्ट तर मैत्रीण धूसर, मैत्रीण स्पष्ट तर गाडी धूसर. फुल फ्रेम (मोठ्या सेन्सरच्या) कॅमेऱ्यावर 24 मिमीची, रुंद दृश्य टिपणारी लेन्स लावली, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्समधलं प्रकाश आत घेणारं छिद्र, एफ/16 इतकं बारीक केलं आणि ऑटोफोकस बंद करून फोकस 1.2 मीटरवर ठेवला. म्हणजे दोघींपैकी कुणावरच नाही! पण या मांडणीत साधारण 60 सेंमीपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. त्याहून बारीक एफ/22 पण करून पाहिलं. डिफ्रॅक्शनमुळे, म्हणजे बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरल्यामुळे, सगळाच फोटो किंचित मऊ पडला, म्हणून परत एफ/16.

फळीवर माती पसरली होती. फोटोत ती माती वाटेना, खडी वाटायला लागली. साहजिकच आहे, 2 मिमीचा खडा या मापात साडेतीन सेंमीचा होतो. मग माती पिठाच्या चाळणीने चाळून घेतली.

सुरुवातीला मैत्रीण बंपरच्या बाजूला उभी होती. तिची पावलं फळीच्या कडेआड जात होती, त्यामुळे ती घोट्यापासून कापल्यासारखी दिसे. तिला बॉनेटच्या मागे घेतलं, पायांचा प्रश्नच मिटला. सावलीचा उरला. तिची सावली गाडीच्या दिशेने यायची आणि फळीपाशी तुटायची. ऊन दुसऱ्या बाजूने येईपर्यंत थांबलो.

मग हात. फोन स्पीकरवर ठेवून मी कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर बघत सांगत होते, "अजून दोन बोटं खाली... थांब, वर घे." तिचा हात दोन सेंमी हलला की इकडे जेमतेम एक मिलिमीटरचा फरक पडायचा, पण तेवढ्यानेही तळवा बॉनेटवर तरंगताना दिसे. हवेत हात धरून ती बिचारी किती वेळ उभी राहिली! मध्येच ती माझ्या जागी येऊन बघून गेली. दोन्ही डोळ्यांनी बघितलं तर खेळणं जवळ आहे हे लगेच कळत होतं. एक डोळा मिटून लेन्सपाशी डोकं नेलं तेव्हा तिला गाडी मागच्या जमिनीवर उभी असल्यासारखी दिसली.

सगळं जुळलं तरी हात टेकल्यासारखा वाटेना. फोटो मोठा करून बराच वेळ बघत राहिले. खरा हात टेकला असता तर त्याच्याखाली बॉनेटवर बारीकशी सावली पडली असती, ती नव्हती. पेन्सिलीच्या शिशाची पूड करून, तळवा जिथे दिसत होता तिथे बॉनेटच्या कडेला बोटाने हलकेच चोळली. मैत्रिणीला पुन्हा हात धरायला सांगितला. पुढच्याच फोटोत हात टेकला.